अप्पाची गिरणी आन विशालचा स्टार्टअप

औशात अप्पाची पिठाची गिरणी हाय. तिथल्या बाकड्यावर मी किती वर्षं बसून राहिलो, मोजलं न्हाई. तिथले किस्से भिंतीवरल्या पिठावानी. झटकावं तर अंगावरच येतेत!

अप्पाचा पोरगा विशाल पुण्याहून आला. गिरणीच्या मोटारीपाशी उभा राहून म्हणला, "मी फाउंडर!"

"मग इतकी वर्षं मी काय होतो रं?"

"तुम्ही स्मॉल बिझनेस, अप्पा."

अप्पानं आपल्या पोटाकडं बघितलं. "स्मॉल?"

विशालला गिरणीची किल्ली पाहिजे होती. अप्पा म्हणला, "दिवाळीपर्यंत चालव. गिऱ्हाईक टिकलं तर किल्ली तुझी. न्हाई तर परत पुणं!"

*

आधी ॲप काढलं. घरून डबा नेणार, दळून आणून देणार. म्या बाकड्यावरूनच ऑर्डर टाकली. विशाल मोटरसायकलवर माझ्या घरी जाऊन डबा घेऊन आला. आत म्या दळलेलंच पीठ ठिवलं होतं. पठ्ठ्यानं परत दळलं!

वर इचारतो, "मामा, रेटिंग?"

"पाच स्टार! असं बारीक पीठ जल्मात बघितलं न्हाई!"

*

मला ॲडव्हायजर केलं. पगार इचारला.

"पगार न्हाई मामा, इक्विटी देतो. धंद्यातला वाटा."

म्हणलं, "घरी पोतं हाय, कवा आणू?"

*

गिरणीचा कायदा एकच. डबा रांगेत ठिवायचा आन घरी जायचं. नंबर कुणी हलवत न्हाई. कुणाच्या डब्याला पोचा, कुणाच्या कडीला फडकं. अप्पा बराबर वळखतो.

विशालनं सगळ्या बायांला एकसारखे पांढरे डबे वाटले. म्हणे, ब्रँडिंग!

यमुनाबाई भाकरी थापायला बसली, तर परातीत बेसन! शेजारणीची भजी ज्वारीची!

सकाळी सगळ्या गिरणीवर. यमुनाबाई म्हणली, "फाउंडर कुठंय? भायेर काढा त्याला!"

फाउंडर पोत्यामागं. अप्पानं एकेक डब्याचा वास घेऊन ज्याचं पीठ त्याला दिलं. जुने डबे परत आले.

*

दिवाळीच्या तोंडाला हैदराबादचा साहेब आला. विशालच्या धंद्यात पैसा लावणार म्हणं. विशाल कडक इस्त्रीत, अप्पा बनियनवर.

साहेब म्हणला, "दस मिनट हैं मेरे पास. पहले मेरी मीटिंग."

रांगेत सात डबे. पयला यमुनाबाईचा. ती डब्यापाशीच उभी. तिनं नुसतं विशालकडं बघितलं.

विशाल साहेबाकडं बघतो, डब्याकडं बघतो. मग म्हणला, "सर... नंबर लगाना पडेगा."

साहेबानं लॅपटॉपची बॅग आठव्या नंबरला ठिवली आन माझ्या बाजूला येऊन बसला.

अप्पानं कमरंची किल्ली काढली. विशालच्या खिशात घातली.

दोन तास गेले. साहेबाचा काळा कोट पांढरा झाला. सात डबे दळून झाले. विशालनं बॅग उचलली, गिरणीच्या तोंडावर धरली आन हाळी दिली,

"बोलो सर, मोटा की बारीक?"