ओड आणि सोड

आमच्या घरी 'ओढ' म्हणत नाहीत, 'ओड' म्हणतात. शाळेत मला मराठी नव्हतीच, इंग्रजी आणि तेलुगू होतं. त्यामुळे त्या शब्दात ढ आहे हे मला फार उशिरा कळलं. कळल्यानंतरही काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते या संक्रांतीच्या सुट्टीत, आमच्या मावला गावाजवळच्या एका विहिरीवर.

बाबा भाजी पिकवतात. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर. पण आसपासच्या शेतात कुणाच्या विहिरीत काही पडलं की बोलावणं बाबांना येतं. पंपाची मोटर, पाइपाच्या टोकाचा फुटवाल, घागर, एकदा कुणाचं तरी चांदीचं कडं. बाबा एका श्वासात तळाशी जातात आणि वस्तूला दोर बांधून वर येतात. गेली तीस वर्षं त्यांच्या कमरेचा दोर काठावर मोठे बाबा धरत, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि ते वांकिडीला मुलीकडे राहायला गेले. तेव्हापासून बाबा दोराविनाच उतरू लागले. एकसष्टाव्या वर्षी.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. ती फोनवर कधीच हळू बोलत नाही, त्या दिवशी कुजबुजत होती. बाबा एका विहिरीतून वर आले आणि पायरी धरून अर्धा तास तसेच बसले. चढता येईना. ओठ जांभळे पडले होते.

"तू बोलून पाय," आई म्हणाली. "माह्यं आयकत नाई."

मी घरात कमी बोलते, बाहेर त्याहून कमी. शिवाय बोलायचं तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. हैदराबादला नोकरी लागल्यावर मी ऑफिसच्या मुलींबरोबर समुद्रावर जाऊन चार दिवसांचा स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला होता. घरी सांगितलं नव्हतं. तिथे शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. सिलिंडर त्या बोटीवर पाठीला लावत नसत, पाण्यात उतरून मग चढवत. दोन बुड्यांमध्ये आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसून राहत. एका सकाळी सगळी तयारी करून त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आज मी नाही. कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

भोगीच्या दिवशी शेजारच्या शेतातले काका आले. त्यांच्या विहिरीतल्या मोटरचा दोर तुटून मोटर तळाशी गेली होती. बाबांनी खुंटीवरचा टॉवेल काढला.

"दोर मी धरते," मी म्हणाले.

काका हसले. "भाऊ, हैदराबादची पोट्टी दोर धरते म्हणते. कम्प्युटरचा नाई बरं, खराखुरा दोर हाय."

बाबा हसले नाहीत. "काऊन माय? तुले काय समजते यातलं?"

मग मी सांगितलं. समुद्र, सिलिंडर, चार दिवस, सगळं. आई दारात तीळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"कवा गेल्ती?" बाबांनी विचारलं.

"मागच्या वर्षी."

"कोणाले सांगून?"

कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आता तोंड उघडलंच होतं, म्हणून एका दमात बाकीचंही बोलून टाकलं. सकाळच्या गारठ्यात उतरायचं नाही, ऊन तळापर्यंत पोचेल तेव्हाच, भर दुपारी. तीनच बुड्या, मध्ये वीस वीस मिनिटं बसायचं. कमरेला दोर. आणि दम भरायचा नाही. बुडीआधी बाबा दहा-बारा वेळा जोरजोरात श्वास घेत, त्याला ते दम भरणं म्हणत. त्यानं दम वाढत नाही, फक्त शरीर धोक्याची सूचना उशिरा देतं आणि माणसाची पाण्याखालीच शुद्ध हरपते, हे मला त्या बाईंनी शिकवलं होतं.

"तीस वर्षं भरून राह्यलो दम," बाबा म्हणाले. "कवा मेलो काय?"

"दिवाळीनंतर ओठ कोणाचे जांभळे पडले व्हते?" आई दारातून म्हणाली.

दुपारी बारा वाजता आम्ही विहिरीवर होतो. तीन परस पाणी होतं, म्हणजे हात वर करून एकावर एक उभी राहिलेली तीन माणसं. जुन्या पाइपाला आधार म्हणून पाण्याखाली एक लोखंडी आडवा अँगल ठोकला होता. वरून तो हिरवट रेघेसारखा दिसत होता.

पहिल्या बुडीत बाबांना मोटर सापडली. ते पायरीवर वीस मिनिटं बसले. मी घड्याळ पाहिलं की तेही माझ्याकडे पाहत, शाळा सुटायची वाट पाहणाऱ्या मुलासारखे. दुसऱ्या बुडीला ते मोटरला बांधायचा दोर घेऊन गेले. मी मनात मोजत होते. चाळीसला त्यांचं डोकं वर आलं, पण पायऱ्यांच्या बाजूला नाही, समोरच्या भिंतीशी. त्यांनी तोंड उघडलं आणि ओरडले.

"ओड!"

मी त्यांच्या कमरेचा दोर ओढला. डोकं पाण्याखाली गेलं. परत वर आलं, या वेळी फक्त नाकापर्यंत.

"...ओड!"

"ओड म्हणते ना, ओड पोरी!" काकांनी माझ्यामागून दोराला हात घातला.

दोर ताठ झाला. आणि तेव्हा मला दिसलं की तो बाबांकडे जातच नव्हता. बाबा भिंतीशी होते आणि दोर पाण्यात शिरत होता विहिरीच्या मधोमध, त्या हिरवट रेघेपाशी. बाबा अँगलच्या खालून पलीकडे गेले होते. आम्ही जितकं ओढत होतो, तितके ते खाली जात होते. ते 'ओड' म्हणत नव्हते, 'सोड' म्हणत होते. विहिरीच्या दगडांनी त्यातला स खाल्ला होता.

मी हात उघडले. दोर हलला नाही. तो काकांच्या मुठीत होता.

"सोडा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"अवं तो ओड म्हणून राह्यला!"

"सोडा! काका, सोडा! हात सोडा!"

मी त्यांच्या मनगटावर दोन्ही हातांनी मारत होते. माझा आवाज विहिरीत जाऊन परत आला आणि तो कुणाचा आहे हे क्षणभर मला कळलं नाही. काकांनी दोर सोडला, ओरडण्यानं की मारानं, माहीत नाही. दोराचं टोक सळसळत पाण्यात गेलं. पाणी सपाट झालं. मग बाबा वर आले, पूर्ण छातीपर्यंत, आणि त्यांनी पाइपाला मिठी मारली.

बराच वेळ त्यांचा खोकलाच ऐकू येत होता. काका काठावर मटकन बसले होते. "मले ओडच आयकू आलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मलाही तेच ऐकू आलं होतं.

बाबा पोहत पायरीवर आले. मोटर अजून खालीच होती, तिला दोर बांधायचा राहिला होता. वीस मिनिटं झाली, मी सांगितलं नाही. पंचवीस झाली.

"भाऊ, एक बुडी राह्यली," काका अखेर म्हणाले. "दोर बांधाचंच काम हाय फक्त."

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे. दोरानं माझ्या तळहाताची साल निघाली होती, ती मी ओढणीत लपवली.

"उद्या," बाबा म्हणाले.

पाण्याच्या बाबतीत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तिळगूळ देऊन झाल्यावर आम्ही पुन्हा विहिरीवर गेलो. बाबा शेवटच्या पायरीवर उभे राहिले आणि मला काठावरून ओरडायला लावलं. 'ओड' नाही, 'खेच'. 'सोड' नाही, 'ढील', पतंगाला देतात तशी. ढील म्हणताना त्यांच्या तोंडून डीलच आलं, पण खेचशी ते कुठूनही जुळत नव्हतं.

"आयकू नाई आलं," ते खालून म्हणत.

मी पुन्हा ओरडे.

"अजून नाई आलं."

आलं होतं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून पाहत होती. माझे कान तापले, तरी मी ओरडले.

मग त्यांनी कमरेची गाठ बदलली, एका झटक्यात सुटेल अशी. सवयीनं छाती फुगवून दम भरायला सुरुवात केली, दुसऱ्याच श्वासाला थांबले आणि माझ्याकडे न पाहता एकच साधा श्वास घेऊन, मोटरला बांधायचा दोर हातात धरून, खाली गेले. कमरेचा दोर माझ्या सोललेल्या तळहातांतून सरकू लागला. मी मोजायला लागले, या वेळी मोठ्यानं. दहा. वीस. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते. तीस. दोर थांबला. पस्तीस. पाण्यावर नुसते बुडबुडे.

एकोणचाळीस म्हणताना पायऱ्यांच्या बाजूला पाणी फुटलं. बाबा वर आले, मोटरला बांधलेल्या दोराचं टोक हातात घेऊन.

"डील!"

मी दिली.