चार बोटं लांब साखळी

आमच्या घरी काही कार्य असलं, जेवणं उरकली आणि पानसुपारीचं तबक फिरलं, की कुणीतरी म्हणतंच, आता तुमची कुऱ्हाडीची गोष्ट होऊ द्या. मग मी सदरा वर करतो, पाठीवरचे वळ दाखवतो आणि दोन भावांच्या मारामारीत मी कसा मध्ये पडलो ते रंगवून सांगतो. भाचेकंपनी डोळे विस्फारून ऐकते. बायको तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जाते, कारण खरी गोष्ट तिला माहीत आहे. पाठीवरचे वळ खरे आहेत. मध्ये पडलो, हे खोटं.

सत्तरच्या दशकात मी नाशकात मोजणीदार म्हणून लागलो. जमिनीची मोजणी तेव्हा साखळीनं व्हायची. लोखंडी कड्यांची तेहेतीस फुटी साखळी, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक टोक मोजणीदारानं धरायचं, दुसरं साखळीवाल्यानं ओढत न्यायचं. काट्याकुट्यांतून, उभ्या पिकातून, लोकांच्या शिव्या खात ती जायची. आलेले आकडे वहीत टिपायचे आणि कार्यालयात येऊन शाईनं नकाशा काढायचा. माझं अक्षर चांगलं. नकाशे इतके देखणे काढायचो, की ते बरोबर आहेत की नाहीत हे कुणी विचारायचंच नाही. मीही नाही.

आमच्या कार्यालयाच्या ओसरीवर फरशीत दोन पितळी खिळे ठोकलेले होते, बरोबर तेहेतीस फुटांवर. मोजणीला निघण्याआधी साखळी त्या खिळ्यांमध्ये ताणून पाहायची अशी रीत होती. ओढून ओढून कड्या झिजतात आणि साखळी लांब होते. माझा साखळीवाला माझ्या वडिलांच्या वयाचा होता. तो म्हणायचा, "साहेब, म्हातारपणी माणूस आखडतो आन् साखळी लांब व्हती." मला पहाटेची एसटी गाठायची असायची. मी या रीतीला 'साखळीची पूजा' म्हणायचो आणि महिन्यातून एखाद्या वेळी उरकायचो.

लासलगावच्या अलीकडे एका गावी दोन सख्ख्या भावांच्या वाटणीची मोजणी निघाली, तेव्हाही पूजा राहून गेली. बाप वारून महिनाही झाला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा थोरल्याच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं आणि धाकट्याचा ओठ सुजला होता. आदल्या दिवशी पाण्याच्या हंड्यावरून जुंपली होती. हंडाही तिथेच पडलेला, चेपलेला.

शेताची रुंदी कागदावर बत्तीस साखळ्या होती. सोळा थोरल्याला, सोळा धाकट्याला. पश्चिमेकडून मोजत निघालो, सोळा साखळ्या भरल्या, तिथे दगड रोवला. खरं म्हणजे पुढच्या सोळाही मोजायला हव्या होत्या. पण थोरल्याच्या घरून काळ्या मसाल्याच्या मटणाचा वास येत होता. भाकऱ्या थापल्याचा आवाजही मला ऐकू येत होता, आणि त्या बाबतीत माझे कान फार तिखट. उरलं ते धाकट्याचं, असं म्हणून मी वही मिटली. वहीत सोळा आणि सोळा लिहिलं. दोन वाट्या रस्सा प्यायलो. नकाशा तर असा सुरेख उतरला, की थोरल्यानं तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

आठवड्यानं साखळीवाल्यानं सवयीनं साखळी ओसरीवर ताणली. ती खिळ्याच्या पुढे गेली, चांगली चार बोटं. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, त्या गावाचं काय?"

मी विचारलं, "कोणतं गाव?"

 त्यानं साखळी खाली ठेवली आणि पक्कड आणली. दोन कड्या काढून तिची लांबी आम्ही पुन्हा नीट केली. हिशोब मी मनातल्या मनात केला होता. दर साखळीला तीन इंच, सोळा साखळ्यांना चार फूट. धाकट्याच्या जमिनीचा चार फुटांचा लांबच लांब पट्टा मी थोरल्याला रश्श्याच्या बदल्यात देऊन आलो होतो. वर कळवलं असतं तर फेरमोजणी झाली असती आणि माझ्या नावावर ठपका आला असता. मी नुकताच लागलेला, घरात लग्नाचं बोलणं चाललेलं. चार फूट म्हणजे काय मोठंसं, असं मी स्वतःला समजावलं.

चार फूट म्हणजे काय, ते त्या दोघांनी मला पुढची बारा वर्षं दाखवलं. थोरल्यानं बांधापासून जेमतेम दीड फूट सोडून विहीर खणली. पाणी लागलं, आणि लागलं ते असं, की उन्हाळ्यातही त्याची द्राक्षं हिरवीगार. धाकट्याच्या बाजूला खडक. धाकटा आपलं शेत पावलांनी मोजायचा आणि कमी भरतंय म्हणून ओरडायचा. पावलांनी मोजणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? गावात त्याला पावल्या म्हणू लागले. त्यानं दगड उपटून टाकला. थोरल्यानं दुसरा रोवला आणि त्याच दगडाजवळ त्याचे दोन दात पाडले. धाकट्यानं भर दुपारी थोरल्याच्या बैलाच्या मागच्या पायाची शीर कोयत्यानं तोडली. बैल उठेना, शेवटी कापायला द्यावा लागला. थोरल्याच्या मुलांनी धाकट्याच्या बायकोला बांधावर अडवून तिच्या डोक्यात ढेकूळ घातलं, तेव्हा तिच्या एका कानाचा पडदा गेला. धाकट्यानं दोन ओळी द्राक्षवेली बुडापासून कापल्या. बाजार समितीच्या आवारात, कांद्याच्या ट्रॅक्टरमधून ओढून एकानं दुसऱ्याला तुडवलं. कोण कुणाला, ते आता आठवत नाही. पाळीपाळीनं चालायचं.

यातलं प्रत्येक प्रकरण माझ्या टेबलावर यायचं, कारण दर वेळी धाकटा फेरमोजणीचा अर्ज घेऊन यायचा. आणि दर वेळी मी माझा तो देखणा नकाशा उलगडून दाखवायचो, की हे बघा, सोळा आणि सोळा. एकदा दात पडलेल्या तोंडानं तो म्हणाला, "साहेब, नकाशा झ्याक हाय. पन माझा पाय खोटं कसा बोलंल?" मी त्याला चहा पाजला. चहा पाजण्यात मी कधी मागे नव्हतो.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी ते यंत्र आलं. वरच्या कार्यालयानं तीन दिवसांसाठी चाचणीला पाठवलेलं. तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेलं एक खोकं. समोर दूरवर काठीला लावलेला भिंगासारखा आरसा. खोक्यातून किरण निघतो, आरशावर आपटून परत येतो आणि अंतराचे लाल आकडे दिसतात. साखळी नको, काटे नकोत, उभं पीक तुडवायला नको. या बांधावरून त्या बांधावर, मध्ये कुणाशी बोलायलाही नको. चाचणीसाठी वादाची जमीन हवी होती. आमच्या साहेबांनी कुठली निवडली असेल ते सांगायला नको.

यंत्राबरोबर एक तरुण इंजिनिअर होता. तुलनेसाठी त्यानं जुनी साखळीही मागवली, म्हणून साखळीवाला ती खांद्यावर टाकून आला. त्याच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्या दिवशीही थोरल्याच्या घरून वास येत होता. त्यानं इंजिनिअरला जेवायला बोलावलं. इंजिनिअर म्हणाला, डबा आणलाय. तेव्हा मला कळलं, की यंत्र नुसतं किरणानं मोजत नाही. त्याला जेवणाचं आमंत्रणही देता येत नाही.

आरशाची काठी धाकट्यानं आपणहून धरली. इंजिनिअरनं शेताची पूर्ण रुंदी घेतली, निम्मी केली आणि धाकट्याला हातानं खुणा करत करत मागे सरकवलं. धाकटा बांध ओलांडून थोरल्याच्या हद्दीत आला, आणखी मागे सरला आणि विहिरीच्या काठावर जाऊन थांबला. त्याला आणखी मागे यायची खूण होत होती. मागे जागा नव्हती. मागे विहीर होती.

"रेषा विहिरीतून जातेय," इंजिनिअर म्हणाला. "अडीच फूट आत."

थोरल्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो सरपण फोडायचं सोडून आला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. ती उगारून तो धाकट्यावर धावला. धाकट्यानं काठी आडवी धरली, ती मोडली, आरशाचा चुरा झाला आणि दुसरा घाव त्याच्या उजव्या कोपरावर बसला. नेमकी कुऱ्हाड फिरली होती, पात्याची मागची बोथट बाजू लागली, नाहीतर हात तुटून विहिरीतच पडला असता. हाडाचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडल्यासारखा. धाकटा गुडघ्यांवर बसला आणि थोरल्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली, या वेळी डोक्यावर.

इथे मी मध्ये पडतो, असं घरी सांगत आलो. प्रत्यक्षात मी तिकाटण्यामागे होतो. साखळीवाला तेवढा पुढे झाला, आणि त्या म्हाताऱ्यानं थोरल्याला अडवलं नाही, तर वळून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी ओसरीवर पाहिलं होतं तसंच.

मी ओरडलो, "साखळी लांब होती. चार बोटं. मला माहीत होतं."

थोरला कुऱ्हाड वर धरूनच उभा राहिला. "कवापासून माहीत हुतं?"

"मोजणीनंतरच्या आठवड्यापासून."

धाकट्यानं मान वर केली. तो थोरल्याकडे पाहत म्हणाला, "दादा, माझा बैल नव्हता का रं तो बी? लहानपणी मीच चारला त्याला, आन् मीच त्याची शीर तोडली."

मग जे झालं ते फार भराभर झालं. थोरल्यानं कुऱ्हाड फेकली, साखळीवाल्याच्या खांद्यावरची साखळी खेचली आणि मला तिनं झोडपलं. कड्यांसकट. मी ढेकळांत पालथा पडलो. धाकटा एक हात लोंबत असताना उठून आला आणि त्यानं माझ्या बरगडीत लाथा घातल्या. बारा वर्षांत दोघा भावांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. इंजिनिअर आपलं यंत्र उराशी धरून पळत सुटला. दोन बरगड्या गेल्या. बायकोनं हळद लावताना पाठीवरचे ठसे मोजले आणि म्हणाली, अकरा आणे भरले, पाच राहिले.

सिव्हिल हॉस्पिटलात जमादार जबाब घ्यायला आला. धाकट्यानं सांगितलं, बांधावरून पडलो. मीही सांगितलं, बांधावरून पडलो. जमादारानं विचारलं, बांध किती उंच आहे. मी म्हणालो, दीड फूट. त्यानं तसंच लिहून घेतलं.

ठपका मी स्वतःच्या हातानं लिहून दिला. बारा वर्षं उशिरा, पण अक्षर तेच.

नवी हद्द मंजूर झाल्यावर दगड रोवायला मलाच पाठवलं. धाकटा आला होता. त्याचा उजवा हात कोपरातून सरळ होत नव्हता, अजूनही होत नाही. मोजलेले चार फूट त्याला मिळाले, विहिरीच्या तोंडाचा घास मिळाला, आणि घण उचलायला हात उरला नव्हता. त्यानं डाव्या हातानं दोनदा प्रयत्न केला. घण घसरून पायाशी पडला.

थोरला आपल्या बाजूला बसून बघत होता. तो उठला, आला, घण उचलला आणि स्वतःच्या विहिरीच्या काठावर, स्वतःच्याच विरुद्धचा तो दगड ठोकू लागला. दर घावाला माझ्या आईवरून एक शिवी. दगड पुरता रुतेपर्यंत त्यानं ठोकला. मी दगड धरून बसलो होतो आणि माझी बोटं मी काढून घेतली नाहीत.