पाझर तलावातली नेमबाजी

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आबांना नाही, बायकोला नाही, पोरांना तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तर बोलायला सोपं जातंय.

आधी माझ्या वेडाबद्दल सांगतो. हो, मी लांबून येतोय, कळतंय मला. पण येऊ द्या.

मला जुनी लष्करी पिस्तुलं जमवायचा नाद. रीतसर परवान्याची हं — बीडला खेटे घालून चपला झिजल्या. एक होतं इंग्रजी पलटणीतलं रिव्हॉल्वर, निजामाच्या फौजेतल्या एका म्हाताऱ्या रिसालदाराकडून घेतलेलं. वजनाला हे एवढं! मुठीला दोरी अडकवायची कडी — घोड्यावरून सुटून पडू नये म्हणून. दुसरं जर्मन, बारीक नळीचं, असं देखणं की काय सांगू. आष्टीकडच्या एका सुभेदारानं लढाईवरून आणलेलं. ओट्यावर जुनं धोतर पसरून मी ती पुसायला बसलो की बायको म्हणायची, "माझ्या केसाला तेल न्हाई, अन् ह्यांच्या पिस्तुलाला हाय!"

मग तो दुष्काळ आला. आमचा पाझर तलाव तळापर्यंत आटला. लोक भरावावर उभं राहून तळाकडं बघायचे आणि परतायचे. आणि मी? मी खूश! सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला? मोकळं मैदान, समोर मातीचा उंच भराव. नेमबाजीला याहून चांगली जागा कुठली? डालड्याचे रिकामे डबे भरावाच्या पायथ्याशी मांडायचो आणि एकेक उडवायचो.

गावाला पाणी टँकरचं. सोसायटीनं भाड्यानं घेतलेला. आबा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे चेअरमन. आधीचा ड्रायव्हर वाटेतच पाणी विकायचा, म्हणून तोटीला कुलूप घातलेलं आणि किल्ली आबांच्या कमरेला. नवा ड्रायव्हर दगडूमामा, आणि त्याचा धाकटा भाऊ किसन क्लीनर. दोघं भाऊ एकाच ताटात जेवायचे. दगडूमामाला माझ्या पिस्तुलांचं भारी कौतुक. "बापू, ते जर्मनवालं दावा की," म्हणायचा आणि दोन्ही हातांत धरायचा, तान्हं मूल धरावं तसं.

त्या दिवशी मला पायथ्याच्या डब्यांचा कंटाळा आला. एक डबा भरावाच्या माथ्यावर ठेवला. आभाळाच्या कडेला असा झकास दिसत होता! मागं काय आहे ते पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये — हे मीच लोकांना शिकवायचो. जर्मन पिस्तूल उचललं, झाडली. डबा हललासुद्धा नाही. भरावापलीकडच्या रस्त्यानं टँकरची घरघर ऐकू आली. ती आधीपासून येत होती का?

येत होती.

गावात पोचलो तर नुसती जत्रा. टँकरच्या पाठीतून बोटाएवढी धार कमानीसारखी उडत होती. बायका तांबे-पातेली घेऊन मागं पळतायत, पोरं तोंड उघडून धारेखाली उभी, एका म्हातारीनं तर पदरच धरला आणि भिजला तसा नातवाच्या डोक्यावर पिळला. कुणाचा तरी बोकड मधेच घुसला. लोक हसून हसून वाकले होते. मीही हसलो. त्या अख्ख्या वर्षात गाव इतकं हसलेलं मी पाहिलं नाही.

किसननं भोकात चिंधी कोंबली, तसं हसणं थांबलं. कुलपाला हात नाही आणि पत्र्याला भोक? म्हणजे वाटेत पाणी विकायची सोय! माणसं दगडूमामाभोवती जमली.

"कपिलधारला देवापुढं जाऊन आण घेतो मी," मामा म्हणाला. "भरावापाशी ठण्णकन आवाज आलता. तवापासनं गळतंय."

आबांनी मला पुढं बोलावलं. "बापू, तू ह्यातला माहितगार. बघ बरं, गोळीचं तर न्हाई हे?"

मी बघितलं. चिंधी काढून बोट घालून बघितलं. पत्र्याची कड आत वळलेली. एवढं स्वच्छ गोळीचं भोक पुस्तकातसुद्धा सापडणार नाही. आणि सदऱ्याखाली कमरेला ते पिस्तूल टोचत होतं.

"छे," मी म्हणालो. "छिन्नी मारून पाडलंय."

एवढंच बोललो. तीन-चार शब्द. पण माहितगाराचे ना!

मामानं माझ्याकडं बघितलं नाही. किसनकडं बघितलं. टँकर भरायच्या विहिरीवर रात्री किसनच झोपायचा; रात्री पाडून बुजवलेलं भोक वाटेत उघडलं, असं मामानं धरलं असणार.

दोघांनाही सोसायटीनं काढलं. मामा ऊसतोडीला गेला. किसनही गेला — दुसऱ्या टोळीत.

पण गोळी अजून टँकरमध्ये होती ना! मला झोप लागेना. टाकी धुवायला गडी शोधत होते, मी म्हणालो, मी उतरतो. चेअरमनचा मुलगा, ज्यानं घरचा तांब्यासुद्धा कधी विसळला नव्हता, तो चड्डीवर टाकीत उतरला! गाळात चाचपडत गोळी सापडली. ठेवू कुठं? खिसा नाही. गालात धरली आणि वर आलो. लोकांनी हार घातला, बोला म्हणाले. मी कसा बोलणार? हात जोडले फक्त. "पोरगं लई नम्र हाय," म्हणाले. पुढच्या निवडणुकीत मी सोसायटीवर बिनविरोध गेलो, नंतर चेअरमनही झालो. माझ्या सगळ्या सार्वजनिक कामाची सुरुवात ती.

दगडूमामा नंतर गावी परतला. पुन्हा माझ्या ओट्यावर येऊ लागला, पिस्तूल हातात घेऊ लागला. एकदा म्हणाला, "माज्या भावानं असं कावून केलं असंल, बापू?" मी काय म्हणालो? म्हणालो, "जाऊ द्या मामा, चहा घ्या."

मामा गेल्या वर्षी वारला. किसन मातीला आला, पण लांब बाभळीखाली बसून राहिला. दोघांचं बोलणं शेवटपर्यंत झालं नाही.

परवा मी किसनच्या घरी गेलो. म्हातारा झालाय, ऐकू मात्र चांगलं येतं. सगळं सांगितलं — तुम्हाला सांगितलं तसंच, फक्त हसण्याचा भाग वगळून. तो खाटेवर बसून ऐकत होता. शिवी दिली नाही. सुनेला चहा ठेवायला सांगितला.

मग म्हणाला, "आता हे मी कुनाला सांगू?"