थर्टी-एटचा हलका आवाज

अन्वी, ईशान, हे तुम्ही मराठी सराईतपणे वाचू लागाल तेव्हा वाचा. आजच लिहितेय याला कारण तुमचे बाबा. रविवारी फोनवर त्यांनी विचारलं, "आई, घरात एक पिस्तूल ठेवावं म्हणतोय. नाइन एमएम घेऊ की फॉर्टी-फाइव्ह? दुकानदार म्हणतो, फॉर्टी-फाइव्हने माणूस जागच्या जागी आडवा होतो."

मी म्हटलं, "दुकानदार विकायला बसलाय. मी लिहून कळवते."

लिहायला बसले आणि हवालदार म्हसकर आठवले.

सैन्यात बायकांना ऑर्डनन्समध्ये, म्हणजे शस्त्रं-दारूगोळ्याच्या खात्यात, घेऊ लागले, त्या सुरुवातीच्या तुकड्यांतली मी. तेव्हा कॅप्टन होते, पोस्टिंग कल्याणजवळच्या डेपोत. गार्ड ड्यूटीसाठी जुनं थर्टी-एट रिव्हॉल्व्हर ठेवायचं की सगळीकडे नाइन एमएम पिस्तूल द्यायचं, हे तपासायला एक बोर्ड नेमला होता. अध्यक्ष एक कर्नल, बाहेरून आलेले. तुलनेसाठी एक फॉर्टी-फाइव्हही मागवलं होतं. रेंज खडवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी.

पद्धत साधी होती. देवदाराच्या फळ्या एकामागे एक उभ्या करायच्या आणि गोळी कितव्या फळीत अडकली ते पाहायचं. प्रत्येक गोळीनंतर लाल झेंडा खाली, मग एक जवान जाऊन भोकाभोवती खडूने गोल काढणार. हवालदार म्हसकर गोळ्या झाडत. ते मुरबाडकडचे. डेपोतल्या निम्म्या जवानांना त्यांनीच नेम शिकवला होता.

सकाळी नाइन एमएम झालं. गोळी हलकी, वेगवान. ती सगळ्यांत जास्त फळ्या पार करायची. फॉर्टी-फाइव्हची जड आणि संथ. कमी फळ्यांत थांबायची, पण भोक रुंद. माणूस कशाने आडवा होतो, हे फळ्या सांगत नाहीत. ते छातीठोक सांगणाऱ्यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही.

मग थर्टी-एट. म्हसकर सिलिंडर भरता भरता म्हणाले, "मॅडम, ही आमच्या सासूबाईंसारखी. आवाज बारीक, पण बोललेलं लागतं."

सुभेदार राणे रेंजचे प्रमुख. ते म्हणाले, "म्हसकर, सासूबाई ऐकतायत."

"मुरबाडपर्यंत जात नाही साहेब हिची रेंज."

कर्नलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "प्रत्येक गोळीला फळी बघत बसू नका. सहा झाल्या की एकदम बघा. जेवणाआधी संपवायचंय."

मी म्हटलं, "सर, काडतुसांचा हा लॉट जुना आहे. पावसाळ्यात शेडमध्ये ओल होती. एकेक पाहिलेली बरी."

"कॅप्टन, प्रत्येक लॉटवर संशय घेतलात तर काडतूस उरणार नाही."

पहिल्या तीन गोळ्या ठीक गेल्या. चौथीला नुसतं 'फुस्' झालं. म्हसकरांनी डावा हात वर केला. "साहेब, हलकी गेली."

कर्नल म्हणाले, "थर्टी-एट हलकीच असते. कॅरी ऑन."

सकाळभर आमच्या कानांत नाइन एमएम होती. तिच्यापुढे थर्टी-एट एरवीही पिचकीच वाटे. पण हे 'फुस्' वेगळं होतं. मी "स्टॉप" ओरडले तेवढ्यात पाचवी सुटली. चौथी गोळी नळीतच अडकली होती. सिलिंडर फुटलं आणि त्याचा तुकडा म्हसकरांच्या मानेत घुसला.

राणे वायरलेसवर होते. "कंट्रोल, वन कॅज्युअल्टी. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"किती गंभीर? ओव्हर."

"लवकर पाठवा. आउट."

गाडीत मी म्हसकरांचा डावा हात धरून बसले होते. उजव्या पंजाच्या चिंध्या झाल्या होत्या. डाव्यावर ओरखडाही नव्हता. कल्याण यायच्या आत ते गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. कर्नल म्हणाले, म्हसकरांनी काहीच सांगितलं नाही, घाईने पुढची गोळी झाडली. तसं ठरलं असतं तर त्यांच्या मृत्यूपुढे 'स्वतःचा निष्काळजीपणा' लागला असता. दुसऱ्यांना शिस्त शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. त्यांच्या पत्नी शेवंताबाई दोन दिवस डेपोच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "बाई, ते घाई करनारे व्हते का?"

मी जे ऐकलं-पाहिलं ते चौकशीत सांगितलं. पण ती साक्ष माझ्या एकटीची होती. खडूवाला जवान लांब खंदकात होता. राणे म्हणाले, "मला ऐकू आलं नाही." त्यांचे कान झाकलेले होते, तरी मला संशय आला की ते कर्नलना सांभाळतायत. मग तो स्वच्छ डावा हात आठवला. सगळी सिरीज दोन्ही हातांनी झाडायची होती; म्हणजे पाचव्या गोळीला तो हात रिव्हॉल्व्हरवर नव्हता.

मी चौकशी अधिकाऱ्यांकडे परवानगी मागितली. "सर, सुभेदारसाहेबांना त्यांनी काय पाहिलं ते विचारावं."

राणे ताठ उभे राहिले. "हात वर होता, सर. डावा. थांबायची खूण. त्याने कर्नलसाहेबांकडे पाहिलं, मग गोळी झाडली. हात अजून खाली आला नव्हता."

"आधी का सांगितलं नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ऐकलं का, एवढंच विचारलं होतं, सर."

कर्नलनी टोपी टेबलाच्या या बाजूची त्या बाजूला ठेवली.

तुमच्या बाबांना मी कळवलंय: घेऊच नका. घेतलंच, तर पिस्तुलाच्या आकड्याआधी कोणाचं तरी ऐकून थांबायची सवय लावून घ्या.

डेपोच्या गेटपाशी गेलेल्या जवानांच्या नावांचा काळा दगड आहे. मागच्या महिन्यात मी ठाण्याहून जाऊन आले. वरून चौथं नाव हवालदार म्हसकरांचं, पुढे 'कर्तव्यावर असताना'. अक्षरं अजून वाचता येतात.