डाव्या बाजूची शेळी

आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये मी कितीतरी वर्षं रविवारची मुलांची शाळा घेतो, आणि मला खडू-फळ्याचा मनापासून कंटाळा आहे. पोरांना गोष्ट सांगायची तर गोष्टीतलं जनावर समोर उभं पाहिजे, हा माझा हट्ट. कोंबडा आरवायच्या आत पेत्राने येशूला तीनदा नाकारलं तो धडा घेताना मी कोंबडा आणला. तो धडाभर मुका बसला आणि नंतर पाळकसाहेबांच्या उपदेशात बरोबर तीनदा आरवला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला त्या सणाला, वीटभट्टीवरचं गाढव आणलं. ते दारातच बसलं आणि सगळी मंडळी त्याला वळसा घालून आत आली. तेव्हापासून साहेबांचा नियम आहे : जनावर आणायचं तर आधी सांगायचं. मी सांगतो. ते कपाळाला हात लावतात. त्यालाच मी परवानगी समजतो.

त्या रविवारी हरवलेल्या मेंढराचा धडा होता. अंबडच्या रस्त्याला एका धनगराशी मी बोलून ठेवलं होतं, पण शनिवारी गेलो तर कळप पुढच्या गावाला निघून गेलेला. वावरात लेंड्या तेवढ्या उरल्या होत्या. परत येताना माझ्या वर्गातली एक मुलगी भेटली, दहा-अकरा वर्षांची, शेळी चारून घरी निघालेली. तिला माझं रडगाणं ऐकवलं.

"सर, शेळी चालंल का?"

"धावंल," मी म्हणालो.

सकाळी ती शेळीला धुऊन, शिंगांना तेल लावून, गळ्यात नाताळातली चंदेरी झिरमिळी बांधून घेऊन आली. मी शेळीला मधल्या वाटेत उभं केलं आणि आवाज लावून सुरुवात केली, "हे पाहा, हरवलेलं मेंढरू!"

पाळकसाहेबांचा मुलगा उठला. वचनं पाठ करायची सगळी बक्षिसं त्याच्या घरात आहेत. "सर, हे मेंढरू न्हाई, शेरडू हाय. शेवटच्या न्यायाच्या दिवशी येशू राजा मेंढरं उजवीकडं करंल अन् शेरडं डावीकडं. डावीकडल्यायला आग."

शहाण्या मास्तरानं इथे विषय बदलला असता. पण टाळीची जागा दिसली की मला राहवत नाही. मी टेबलावरचं कापड ओढून खांद्यावर घेतलं, वेदीकडे तोंड करून उभा राहिलो (वेदीला पाठ दाखवायची नाही, हे आईनं मला चालायच्या आधीपासून शिकवलेलं), दोन्ही हात पसरले आणि गरजलो, "मेंढरं उजवीकडे! शेरडं डावीकडे!" आणि शेळीला हाकलून दिलं डावीकडे.

आता, आमच्या चर्चमध्ये दारातून आत आलं की डावीकडे बाया आणि मुली बसतात, उजवीकडे पुरुष आणि मुलं. आजोबांच्या आधीपासूनची ही वहिवाट. शेळी सरळ मुलींच्या बाकांत शिरली. उजवीकडून एकच गलका उठला.

"पोरी समद्या शेरडं! पोरी समद्या आगीत!"

मी हसलो. हे लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे.

शेळीची मालकीण हसली नाही. तिनं विचारलं, "सर, माझी शेळी खरंच आगीत जाईल?"

मी घसा खाकरला. तिनं तेवढ्यात काय समजायचं ते समजून घेतलं. शेळीच्या गळ्यातली झिरमिळी सोडून बाकावर ठेवली आणि दोर धरून निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी तिच्या घरी गेलो. तिची आई अंगणातच होती.

"या भाऊ. आमच्या शेळीला आगीत धाडलं म्हणं तुमी?"

"अहो, ते नाटक होतं."

"नाटक व्हतं तर पोरगी कामून रडून राह्यली दोन हप्ते? बसा, चहा घ्या. त्याच शेळीच्या दुधाचा हाय. तुमाला चालतो ना?"

चहा घेतला. खाली मान घालून घेतला. आतून मुलीचा आवाज आला, "ती जिथं जाईल तिथं मी जाईन. मला न्हाई यायचं तुमच्या शाळंत. प्रार्थना बी न्हाई करायची."

शाळा सगळीच पोरं बुडवतात, मला त्याचं काही वाटत नाही. पण ही देवाशीच बोलणं टाकून बसली होती, आणि तेही माझ्या एका टाळीपायी.  उत्तर नसलं की मी दुसरं नाटक लावतो.

"येत्या रविवारी शेळी घेऊन ये," मी दाराकडे तोंड करून म्हणालो. "या वेळी राजा तू."

ती दाराच्या फटीशी आली. मग : "अन् मला बी तिला डावीकडंच टाकावं लागलं तर?"

"राजा तू. तू ठरव."

ती आली. झिरमिळी नव्हती. शेळीला तिनं हट्टानं मुलींच्याच बाकाला बांधलं. मी तिला व्यासपीठावर चढवलं, उपदेशाच्या उंच मेजामागे पायाखाली स्टूल दिलं, कारण नुसता तिचा भांग दिसत होता. ती मंडळीकडे तोंड करून उभी राहिली. उजवा हात वर केला. हाताकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं.

"सर, ह्यो माझा जेवायचा हात."

"बरोबर."

"मंग राजाच्या उजवीकडं तर आमीच हाओत की!"

मी तिच्या शेजारी चढलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वेदीला पाठ करून उभा राहिलो. खरंच की. राजा समोरून बघणार. त्याच्या उजव्या हाताला मुलींचे बाक आणि शेळी. डाव्या हाताला पाळकसाहेबांचा मुलगा, आणि रविवार-रविवार मी ज्यावर बसतो तो बाक.

मुलींनी छप्पर उडेल असा ओरडा केला. साहेबांच्या मुलाचा चेहरा पडला. "सर, मंग आमी?"

मी काही बोलायच्या आत राजानं त्यालाच धरलं. "तुला पाठ हाय ना? राजा काय इचारतो ते सांग."

त्यानं बारीक आवाजात सांगितलं, "भुकेल्याला जेवू घातलं का. तान्हेल्याला पाणी पाजलं का."

"मंग? माझ्या शेळीला पानी कोन्ही पाजलं?"

मुलांची बाजू उठून पळत सुटली. कोणी बाटली आणली, कोणी ओंजळीत. शेळी बाटलीनं पिते होय? तेव्हा साहेबांच्या मुलानं पुढचं पितळी पात्र उचललं, ज्यातून बाप्तिस्मा देतात ते, आणि आपली बाटली त्यात रिकामी केली. शेळीनं तळ चाटला.

"ये इकडं," राजा म्हणाला.

चौथ्या पोराच्या वेळी शेळीनं तोंड फिरवलं, पण राजा दिलदार होता. "आणलं ना? झालं. ये." शेवटी मीही माझी बाटली पात्रात ओतून मुलींच्या बाजूला जाऊन बसलो. जागा करून घ्यावी लागली.

उपासनेची वेळ झाली तेव्हा पाळकसाहेब आत आले. उजवी बाजू रिकामी. डावीकडे शेळीसकट सगळे दाटीवाटीनं. मुलाच्या हातात बाप्तिस्म्याचं पात्र. साहेबांनी तोंड उघडलं, पण व्यासपीठावरून आधी प्रश्न आला.

"साहेब, तुमी पानी आणलं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी रिकामी बाटली उलटी करून दाखवली. ते बाहेर गेले. थोड्या वेळानं अंगणातल्या पाण्याच्या रांजणावरचं झाकण सरकवल्याचा आवाज आला.