कुंदाताईने निवडलेली गाडी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. “माधुरी, लवकर ये वं... कुंदा उठून नाई राह्यली,” एवढंच ते बोलले. वर्ध्याहून जाम गावाजवळच्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी मोठी बहीण झोपेतच गेली. आता महिना उलटून गेलाय. पण ताईला आठवायला बसले की ती मला दिसते गाडीखाली वाकलेली, पदर कमरेला खोचून पिकअपचा हूक तपासणारी.

ताई जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाली तरी गावोगावचे फोन थांबले नव्हते. एकदा जामच्या चौकापुढे ट्रकची धडक बसून एक बैल पडला. मागचा पाय मोडलेला, पण जीव शाबूत. ताई पोचली तेव्हा जमलेली माणसं त्याला दोरखंड बांधून उंच टेम्पोत चढवत होती. ती “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत बैल अर्ध्यावरून निसटला आणि पाठीवर आदळला. त्या दिवशी ती जेवली नाही. “धडकेनं नाई मेला तो,” म्हणाली, “आपण उचलला म्हणून मेला.”

मग तिने हिंगणघाटच्या एका वेल्डरकडून ट्रॉली बनवून घेतली. जॅकने खाली सोडला की तिचा तळ थेट जमिनीला टेकायचा. जनावर ताडपत्रीवर घ्यायचं आणि न उचलता आत सरकवायचं. ट्रॉली भक्कम झाली, अर्थात जडही झाली. आत बैल असताना घरची छोटी कार तिला जागची हलवू शकली नसती. ताईने जाहीर केलं, “मले डिझेल पिकअप घ्याची हाय.”

भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. पण त्या दिवशी तेही चिडले. “काऊन? या वयात लोकं तीर्थाले जाते, अन् तू बैल वाहून राह्यली!”

“तुमी संग या, नाई तं नका येऊ. गाडी मी पाहूनच घेईन.”

ते गेले, मलाही घेऊन गेले. नागपूरच्या शोरूममधला तरुण विक्रेता सगळं भाऊजींनाच सांगत होता... मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, गुळगुळीत सीट. ताईने ऐकून घेतलं आणि मागे जाऊन वाकली. “हूक चेसिसले बसते का नुसता बंपरले? कागदावर किती वजन ओढाची परवानगी हाय? ट्रॉलीच्या ब्रेकचं काय?” तो गडबडला. म्हणाला, आधी एक चक्कर तर मारा. ताई हसली. “रिकामी तं माही स्कूटरबी पळते, भाऊ. ट्रॉली लावून दे चालवाले.”

तशी परवानगी कुणी देईना. शेवटी वर्ध्यातला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी तयार झाला. त्याच्याकडे तशा दोन पिकअप होत्या. ट्रॉलीत बैलाच्या वजनाइतकी वाळूची पोती भरली आणि आम्ही गिरडच्या टेकडीकडे निघालो. पहिली गाडी दिसायला देखणी, वजनाने हलकी. चढ तिने असा घेतला की भाऊजी खूश झाले, “हेच घेऊन टाक.” पण उतार लागला आणि ट्रॉली मागून रेटा देऊ लागली. गाडीचा मागचा भाग डावीउजवीकडे डुलायला लागला. मी दाराची मूठ घट्ट धरली. ताईने खालचा गिअर टाकला आणि हळूहळू कडेला आणून गाडी थांबवली. तिच्या कपाळावर घाम होता.

“ओढते चांगली,” ती म्हणाली, “पण सांभाळत नाई. आत दुखणाइत जनावर असन तं त्याचं काय होईन?”

दुसरी गाडी जुन्या बांधणीची, लांब आणि जड. चढावर ती घुरघुरत, सावकाश गेली. उतारावर मात्र खालच्या गिअरमध्ये अशी संथ उतरली की मागे काही जोडलं आहे हे विसरायला झालं. भाऊजी पुटपुटले, “याच्यापेक्षा बैलबंडी घेतली असती!” ताईने तीच घेतली.

आपण गाडी घेताना ती किती पळेल ते विचारतो. ताईला मागे बसणाऱ्या मुक्या जिवाची काळजी होती, आणि तिचे सगळे प्रश्न तिथूनच यायचे. पवनारजवळ नाल्यात पडलेली एक म्हैस आणताना मी तिच्या शेजारी होते. मागून बसवाला सारखा हॉर्न वाजवत होता. “वाजू दे. त्याले घाई हाय, इले दुखून राह्यलं,” ताई म्हणाली आणि वेग वाढवला नाही. ती म्हैस वाचली. सगळीच वाचली नाहीत... काही ट्रॉलीतच गेली. अशा दिवशी ती घरी येऊन आधी ट्रॉली फिनाईलने धुऊन काढायची, आणि मगच चहा मागायची.

ती गेल्यावर गाडीला गिऱ्हाइकं येऊ लागली. भाऊजींनी एकाला जवळजवळ शब्दही दिला. मागच्या रविवारी मी तिथेच होते. ताईचा मोबाइल वाजला. समुद्रपूरकडच्या एका शेतकऱ्याची गाय विहिरीच्या कठड्याजवळ घसरून पडली होती, उठत नव्हती. ताई गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. भाऊजींनी ऐकता ऐकता खुंटीवरची पिकअपची किल्ली काढली. मग म्हणाले, “जागची हलवू नका तिले. येऊन राह्यलो.”

ट्रॉली लावताना हूक आम्हाला दोनदा काढून पुन्हा बसवावा लागला. भाऊजींनी कधी ती ओढली नव्हती. शेतात पोचलो तेव्हा शेतकऱ्याने गाडीत वाकून पाहिलं. “डॉक्टरीणबाई नाई आल्या?”

“नाई,” भाऊजी म्हणाले. ते ताडपत्री उलगडू लागले, आणि तो माणूस समजला. डोक्याचा रुमाल काढून त्याने तो हातात धरला.

गाईला दवाखान्यात पोचवून परतलो. भाऊजींनी पॅन्ट वर दुमडली, बादली भरली आणि फिनाईल टाकून ट्रॉलीचा कोपरान् कोपरा घासला. मधेच त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ओल्या हाताने तो कानाला लावून ते म्हणाले, “नाई जी, नाई विकत. गाडी कामात हाय.” मग उरलेलं पाणी ट्रॉलीवर ओतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “माधुरी, आता चहा टाक.”