अंगठ्यावरचं प्रेशर

सडक अर्जुनीच्या माझ्या गॅरेजात पेट्रोलचं प्रेशर मोजायचं मीटर आहे, पण ते कायम खिळ्याला लटकलेलं असायचं. माझे उस्ताद कार्ब्युरेटरच्या जमान्यातले. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि जोर ओळखायचा, ही त्यांची रीत. मीही तीच उचलली आणि मीटर लावणाऱ्यांची टिंगल करण्यात उमर घालवली.

एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबांच्या जुन्या गाडीचा, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी केशोरीहून फोन आला. आत्याचं काही खरं नव्हतं, आणि ती सारखी भावाला बोलवा म्हणत होती. बाबांना ही एकच बहीण. गाडीचा मूळ पंप नागपूरहून यायला दोन दिवस लागणार होते. गावातल्या दुकानात दुसऱ्या बनावटीचा, मोठ्या गाडीचा पंप मिळाला. तो बसवला, अंगठा लावला, तर धारेने अंगठाच उडवला. मी खूश! जास्त जोर म्हणजे चांगलंच, एवढी माझी अक्कल.

खरं म्हणजे इंजिनाला पुरून उरलेलं पेट्रोल रेग्युलेटर टाकीत परत पाठवतो, तेव्हाच प्रेशर ताब्यात राहतं. त्या लहान गाडीच्या रेग्युलेटरला या पंपाचा लोंढा परत पाठवणं झेपणारं नव्हतं. मीटर लावलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

बाबांना घेऊन निघालो. मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल खपत होतं, त्यामुळे गाडी झकास पळाली. अर्जुनी मोरगाव ओलांडल्यावर पुढे चिखलणीचे ट्रॅक्टर लागले. वेग कमी झाला, तसं पेट्रोल खपेना, मागून काळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा आला. प्लग ओलेचिंब झाले होते.

तेवढ्यात केशोरीकडे सवाऱ्या नेणारी काळीपिवळी जीप आली. बाबांनी हात दाखवला.

"मी याच्यात जातो. तू मंग ये."

"कायले? पाच मिन्टात चालू करून देतो. बसा ना बाबा."

बाबा घुटमळले. मीच ड्रायव्हरला हाताने जा म्हणून सांगितलं. वीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला मी, आणि माझा बाप भाड्याच्या गाडीतून जाणार? माझा तोरा आडवा आला, दुसरं काही नाही.

प्लग पुसले, गाडी चालू झाली, शंभर पावलांवर पुन्हा बंद. असं तीनदा झालं. दुसरी काळीपिवळी यायला दीड तास गेला. त्या दीड तासात बाबा केशोरीच्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा आत्याला अंगणात ठेवलं होतं. तिची मुलगी बाबांच्या गळ्यात पडली.

"मामा, कायले एवढा उशीर केला? माय अर्ध्या घंट्यापहिलेपर्यंत दाराकडेच पाहून राहिली होती."

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच उशिरा निघालो बाई," ते म्हणाले. "मले वाटलं, अजून वेळ आहे."

सगळ्या बाया त्यांना बोलू लागल्या, आणि बाबा खाली मान घालून ते ऐकत राहिले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.